सरकारी धोरण आणि गाड्यांचे कारखाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर अशा पट्ट्यांत छोटी शेड चालवणाऱ्यांसाठी आहे. गाडी कारखान्यातले कामगार आणि गाडी घेऊ पाहणारे यांचेही काही प्रश्न शेवटी घेतले आहेत.

वाहन उद्योगाचं धोरण म्हणजे नेमका कुठला कागद?

असा एक कागद नाही. सीमाशुल्क आणि जीएसटी अर्थ मंत्रालयाकडे, पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन) आणि पीएम ई-ड्राइव्ह (इलेक्ट्रिक गाड्यांवरचं अनुदान) अवजड उद्योग मंत्रालयाकडे, धुराचे निकष रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे, इंधनबचतीचे निकष ऊर्जा मंत्रालयाकडे, आणि जमीन, वीज, एसजीएसटीचा (जीएसटीतल्या राज्याच्या वाट्याचा) परतावा राज्याकडे. यांचे आपसात नेहमी पटतेच असं नाही. ज्याला धोरण समजून घ्यायचं आहे त्याने भाषणं सोडून फक्त रेषा पाहाव्यात: किती मिलिमीटर, किती सीसी, किती टक्के. गाडीचा आकार आणि तिच्यातला माल या रेषांवर ठरतो.

रेषेने गाडी बदलते म्हणजे काय? उदाहरण द्या.

२००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी म्हणजे लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. त्यानंतर रस्त्यावर काय झालं ते कुठल्याही पार्किंगमध्ये टेप घेऊन मोजता येईल. नेक्सॉन ३,९९५ मिमी, डिझायर ३,९९५, व्हेन्यू ३,९९५. इंजिन ११९७ किंवा ११९९ सीसीचं. मागची डिकी कापून गाडी रेषेत बसवलेली. जगात दुसरीकडे सहसा न दिसणारी चार मीटरच्या आतली सेडान आपल्याकडे या एका ओळीतून जन्मली.

जीएसटीने तीच रेषा उचलली. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत छोट्या पेट्रोल गाडीला २८ टक्के अधिक १ टक्का सेस होता आणि मोठ्या एसयूव्हीला २८ अधिक २२. त्या एसयूव्हीची व्याख्याही टेपपट्टीचीच: चार मीटरच्या वर, १,५०० सीसीच्या वर, आणि तळ जमिनीपासून १७० मिमी किंवा जास्त उंच. आता सेस गेला, छोटी गाडी १८ टक्क्यांत आणि मोठी ४० टक्क्यांत. इलेक्ट्रिक गाडी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्क्यांवर आहे, तिला लांबीची अट नाही. म्हणून इलेक्ट्रिक गाड्या चार मीटरचा धाक न बाळगता लांब होत गेल्या. सुट्या भागांवर मात्र आता सरसकट १८ टक्के. पूर्वी काही भागांवर २८ होता, आणि तुमचा पार्ट कोणत्या शीर्षकाखाली येतो यावर वाद होत. तो वाद मिटला, ही त्या बदलातली कमी बोलली गेलेली चांगली गोष्ट.

सरकार सरळ सांगत का नाही की ७० टक्के माल देशातलाच हवा?

सांगून झालं आहे. आणि फसलंही आहे.

१९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना इथे जागा नाही. गाडी टप्प्याटप्प्याने इथेच बनवायची. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने आणि फोर्डनेही काढता पाय घेतला. कुर्ल्याची प्रीमियर, उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स अशी थोडीच नावं उरली आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलं. मारुतीची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली. टप्प्याटप्प्याने देशी माल वाढवण्याचा नियम तिथेही होताच, पण या वेळी मागे जपानी भागीदार होता आणि व्हेंडर (सुटे भाग पुरवणारे) घडवण्याची शिस्त होती. आजच्या सुटे भाग उद्योगाचा पाया त्या काळातला.

१९९३ मध्ये कार उद्योगासाठी परवान्याची सक्ती गेली. डिसेंबर १९९७ मध्ये नवी अट आली: सुटे संच आणून गाडी जोडायची असेल तर सामंजस्य करार करा, तिसऱ्या वर्षापर्यंत ५० टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के देशी माल, शिवाय आयातीइतकी निर्यात. युरोपीय संघ आणि अमेरिकेने हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत नेलं, डिसेंबर २००१ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला, २००२ मध्ये भारताने अपील मागे घेतलं. तेव्हापासून ‘देशी माल वापरा नाहीतर आयात बंद’ ही भाषा वापरता येत नाही. आता भाषा अशी: देशी माल वापरलात तर पैसे देतो. त्यावरही आक्षेप आहेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने भारताच्या गाड्यांच्या आणि बॅटरीच्या योजनांविरुद्ध त्याच दारात तक्रार टाकली.

पीएलआय मला मिळेल का? माझी उलाढाल ९ कोटी आहे.

थेट नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेली ही योजना २५,९३८ कोटींची. पात्रतेची अट अशी: गाडी कंपनीसाठी समूहाची जागतिक उलाढाल १०,००० कोटी आणि स्थिर मालमत्तेत ३,००० कोटी. सुटे भाग बनवणाऱ्यासाठी ५०० कोटी उलाढाल आणि १५० कोटी मालमत्ता. त्यावर पाच वर्षांत नवी गुंतवणूक: चारचाकी कंपनीने २,००० कोटी, दुचाकी-तीनचाकीने १,००० कोटी, सुट्या भागवाल्याने २५० कोटी. अर्जाची मुदत जानेवारी २०२२ मध्येच संपली. आज कुणी ‘ऑटो पीएलआय मिळवून देतो’ म्हणत फाइलचे पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पैसे मिळतात ते २०१९-२० च्या तुलनेत वाढलेल्या विक्रीवर, आणि तेही यादीतल्या प्रगत उत्पादनांच्याच: १९ प्रकारची वाहनं, १०३ प्रकारचे भाग. गाडी कंपनीला १३ ते १६ टक्के, सुट्या भागांना ८ ते ११ टक्के; एकूण विक्रीचा टप्पा गाठला तर आणखी २ टक्के, आणि बॅटरीवर किंवा हायड्रोजन इंधनघटावर चालणाऱ्या गाडीच्या भागांना वर ५ टक्के. दरवर्षी १० टक्के वाढ दाखवावी लागते, नाहीतर त्या वर्षाचं प्रोत्साहन बुडतं. २०२३-२४ च्या विक्रीवर पहिलं वाटप झालं ते ३२२ कोटींचं. २५,९३८ कोटींपुढे हा आकडा किरकोळ दिसतो. त्याचं कारण पुढच्या प्रश्नात.

डीव्हीए म्हणजे काय आणि ५० टक्क्यांवर सगळं का अडतं?

देशांतर्गत मूल्यवर्धन. कर वगळून गाडीची कारखान्याबाहेरची विक्री किंमत घ्यायची, त्यातून आयात मालाची किंमत वजा करायची, उरलेलं भागिले विक्री किंमत. पीएलआयसाठी हे किमान ५० टक्के हवं, आणि ते मॉडेलनिहाय तपासलं जातं. प्रमाणपत्र पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट, चेन्नईची जीएआरसी किंवा पीथमपूरची नॅट्रॅक्स यांच्याकडून.

समजा एका इलेक्ट्रिक गाडीची अशी किंमत १०,००,००० रुपये आहे. बाहेरून आलेले बॅटरीचे सेल २,८०,०००. इन्व्हर्टर आणि चार्जरमधला इलेक्ट्रॉनिक माल ७०,०००. डिस्प्ले, कॅमेरे, सेन्सर ४०,०००. मोटरचे मॅग्नेट ६,०००. व्हेंडरांच्या मालात दडलेली आयात ३४,०००. एकूण ४,३०,०००. डीव्हीए ५७ टक्के. उत्तम.

आता सेलचा खर्च, रुपया घसरल्यामुळे म्हणा, २० टक्क्यांनी वाढला. सेल झाले ३,३६,०००, एकूण आयात ४,८६,०००, डीव्हीए ५१.४. अजून निभावतं. मग दिवाळीत कंपनीने बिलातच ३०,००० ची सूट दिली. विक्री किंमत ९,७०,०००, आयात तेवढीच. डीव्हीए ४९.९ टक्के, आणि १३ टक्के दराने गाडीमागे १,२६,१०० रुपये गेले.

या गाडीला परत ५० वर आणायला किती आयात कमी करावी लागेल? फक्त १,००० रुपयांची.

छोट्या शेडसाठी सगळा मुद्दा या एका हजारात आहे. ज्या ब्रॅकेटला, बसबारला (वीज वाहणाऱ्या पट्टीला), कनेक्टरच्या घराला एरवी खरेदी विभागात कुणी विचारत नव्हतं, त्याच्यासाठी अचानक फोन येतो आणि रेट आयातीपेक्षा पाच-सात टक्के जास्त असला तरी ऐकून घेतलं जातं. बोलणी करताना समोरच्याचं हे गणित डोक्यात ठेवा. पण हा जास्तीचा रेट प्रोत्साहन चालू असेपर्यंतचा आहे. २०२७-२८ हे विक्रीचं शेवटचं वर्ष. त्यानंतरच्या तीन वर्षांच्या मशीन-कर्जाचे हप्ते या रेटवर धरू नका.

कंपनी माझ्याकडे आयात-घटकाचं प्रमाणपत्र मागते. मी तर काहीच आयात करत नाही. काय लिहून देऊ?

‘आयात शून्य’ असं घाईने लिहून देऊ नका. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. माल तुम्ही भोसरीच्या दुकानातून घेतला असेल, पण बेअरिंगच्या खोक्यावर बाहेरच्या देशाचं नाव असेल तर तो आयातच. तुमच्या बिलावर जीएसटी लागला म्हणून माल देशी होत नाही.

काम असं करा. पार्टचं बिल ऑफ मटेरियल उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: कुणाकडून घेतला, मूळ कुठला, पुरावा काय. बार, कास्टिंग, फोर्जिंगला मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. बेअरिंग, ओ-रिंग, इन्सर्ट, प्लेटिंगची रसायनं यांना पुरवठादाराचं लेखी पत्र. समजा पार्टची किंमत ४२० रुपये आणि त्यात व्यापाऱ्याकडून ९० ला घेतलेलं परदेशी बेअरिंग आहे. व्यापाऱ्याने आयात कागद दिला तर त्यातली खरी आयात किंमत दाखवता येईल. नाही दिला तर पूर्ण ९० आयात धरले जातील अशी तयारी ठेवा, म्हणजे २१.४ टक्के. मग सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही. ज्या तिमाहीत पुरवठादार बदलला, त्या तिमाहीत पत्रही बदला. इन्सर्ट बदलला, पत्र तेच राहिलं आणि तपासणीत पकडलं गेलं, तर डेबिट नोट तुमच्याच नावाने निघते.

अनुदान देऊन नंतर परत मागितलं, असं का होतं?

इलेक्ट्रिक गाड्यांना अनुदान देणाऱ्या फेम-२ मध्ये दुचाकींच्या बाबतीत झालं. १ एप्रिल २०१९ ला सुरू झालेल्या त्या योजनेत ठरावीक भाग ठरावीक तारखेपासून देशातच बनवण्याची अट होती. काही कंपन्या मोटर, कंट्रोलर असे भाग तयार आणून बसवत असल्याचं चौकशीत निघालं, पुढचं अनुदान थांबलं आणि दिलेलं वसूल करायच्या नोटिसा गेल्या. गिऱ्हाइकाला सूट आधीच दिलेली, सरकारकडून रक्कम येणं बंद, अशा कात्रीत कंपनी सापडली की सर्वांत आधी व्हेंडरचं पेमेंट थांबतं. म्हणून नव्या इलेक्ट्रिक कंपनीचं काम घेताना तिच्या विक्री किमतीतला किती हिस्सा अनुदानाचा आहे ते विचारा. १ जून २०२३ ला दुचाकीचं अनुदान किलोवॉट-तासामागे १५,००० वरून १०,००० वर आलं, ऑक्टोबर २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये ५,००० वर आणि दुसऱ्या वर्षी २,५०० वर. खासगी कारला यातलं काहीच नव्हतं.

परदेशी कंपन्यांना १५ टक्क्यांत गाड्या आणू देणारी योजना आमच्या मुळावर येणार का?

मार्च २०२४ मध्ये ती जाहीर झाली, सविस्तर नियम जून २०२५ मध्ये आले. तीन वर्षांत किमान ४,१५० कोटी गुंतवून इथे इलेक्ट्रिक कार बनवायची; बदल्यात किमान ३५,००० डॉलरची तयार गाडी १५ टक्के शुल्कात, वर्षाला जास्तीत जास्त ८,०००. डीव्हीए तीन वर्षांत २५ टक्के, पाच वर्षांत ५० टक्के. ३५,००० डॉलरची गाडी तुमच्या गिऱ्हाइकाच्या गाडीशी भांडत नाही. काळजी करायचीच असेल तर व्यापार करारांची करा. जुलै २०२५ च्या ब्रिटनबरोबरच्या करारात कोट्यापुरतं कारचं शुल्क १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे, आणि अशा करारांत सुट्या भागांचं वेळापत्रक वेगळं असतं. ते तुमच्या पार्टच्या एचएसएन क्रमांकाने (करासाठीच्या वस्तू-क्रमांकाने) वाचा.

गाडी इलेक्ट्रिक झाली तर माझ्या शेडमधलं कुठलं काम जाईल?

पिस्टन, रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, इंजेक्टर, सायलेन्सर, क्लच प्लेट, सिंक्रो रिंग: हे जाणारं काम. उद्या नाही, २०२४-२५ मध्ये देशात ४३ लाख प्रवासी वाहनं विकली गेली आणि त्यांतली बहुतेक इंधनावरचीच होती. पण या कामांसाठी नवं स्पेशल पर्पज मशीन घेऊ नका. ब्रेकचं काम राहील, फक्त मोटरच वेग कमी करत असल्यामुळे पॅड कमी झिजतात आणि बाजारातला बदलीचा धंदा आटतो. सस्पेन्शन, स्टीअरिंग, सीटचा सांगाडा, शीटमेटल यांना धक्का नाही. बॅटरीच्या वजनामुळे काही भाग उलट जाड होतात.

येणारं काम म्हणजे मोटरचं अ‍ॅल्युमिनियम हाउसिंग, रोटर शाफ्ट, रिडक्शन गिअर, तांब्याचे बसबार, बॅटरी ट्रे, कूलिंग प्लेट. ‘आम्ही गिअर करतोच की’ म्हणून यात उडी घेणारे हमखास दोन ठिकाणी अडखळतात.

पहिलं गिअरचा आवाज. इंजिनच्या गिअरबॉक्सला तीन-चार हजार आरपीएमवर चाललेला गिअर इथे बारा-सोळा हजारांवर फिरतो, आणि आवाज झाकायला इंजिन नाही. मापात बसलेला गिअरही कुई करतो आणि परत येतो. शेव्हिंगवर भागत नाही, हार्डनिंगनंतर ग्राइंडिंग किंवा होनिंग लागतं, आणि दाताच्या पृष्ठभागावरची लहर मोजणारं मशीन लागतं. तेवढी गुंतवणूक झेपत नसेल तर ब्लँक टर्निंगपुरतं काम घ्या.

दुसरं स्वच्छता. आयुष्यभर बिडाचं मशीनिंग केलेल्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) अ‍ॅल्युमिनियम हाउसिंग लावलं तर कूलंटमधली बिडाची भुकटी आंधळ्या भोकांत आणि जॅकेटमध्ये बसते. आत इन्व्हर्टर किंवा स्टेटर बसणार असतो; एक धातूचा कण इन्सुलेशनमधून गेला की शॉर्ट. म्हणून गिऱ्हाईक कणांची मोजणी मागतं: पार्ट धुवायचा, पाणी गाळायचं, गाळणीवरचे कण सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रॉनमध्ये मोजायचे. उपाय महाग नाहीत, चिवट आहेत. मशीन वेगळं ठेवा, कूलंट टाकी वेगळी, वॉशिंग मशीन, आणि पार्टवर मारायची हवा कोरडी, गाळलेली. बसबारची हीच गोष्ट. पंचिंगची बर (कडेला उरलेला धारदार काटा) ०.१ मिमी राहिली तरी ती गुंडाळलेल्या इन्सुलेशनमधून दात काढते. पंच-डायमधली फट पत्र्याच्या जाडीनुसार ठेवा आणि धार किती स्ट्रोकनंतर लावायची ते कॅलेंडरवर न सोडता काउंटरवर बांधा.

हाउसिंगमध्ये लीक टेस्टला पडणारे पार्ट मशीनिंगवाल्याच्या माथी मारले जातात. मूळ दोष बहुधा कास्टिंगमधल्या सच्छिद्रतेचा असतो आणि मशीनिंगमध्ये वरचा घट्ट थर निघाल्यावर तो उघडा पडतो. कास्टिंग गिऱ्हाइकाने दिलेलं असेल तर मशीनिंगचा अलाउन्स किती आणि पोरोसिटीचं रिजेक्शन कुणाचं, हे पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहून घ्या.

नवा पार्ट मिळवायला किती काळ लागतो?

चौकशी आल्यापासून नियमित पुरवठ्यापर्यंत सहा महिने ते वर्ष. आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) नसेल तर बहुतेक टियर-१ (गाडी कंपनीला थेट माल देणारे) दारातूनच परत पाठवतात. आयएसओ ९००१ वर फार तर जॉबवर्क मिळतं. ड्रॉइंग आलं की आधी फिजिबिलिटी लिहून द्या. एखादा टॉलरन्स जमणारा नसेल तर इथेच बोला, नंतर बोललात तर तो तुमचा दोष. डाय किंवा फिक्स्चरला दोन-तीन महिने. मग पीपीएपी (पार्ट मंजूर करून घेण्याची कागदपत्रं): यादीत १८ गोष्टी, साधारणपणे लेव्हल ३. त्यात प्रोसेस फ्लो, पीएफएमईए (कुठे काय चुकू शकतं याचा तक्ता), कंट्रोल प्लॅन, गेजचा आर अँड आर (माप दरवेळी आणि दर माणसाला सारखं येतं का याची तपासणी), सीएमएम (मापं घेणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट, मटेरियल सर्टिफिकेट.

नापास होणारे बहुतेक तीन जागी होतात. गेज आर अँड आर १० टक्क्यांच्या वर जातो, कारण बोअर डायल घेऊन तिघं तीन पद्धतींनी मोजतात. महत्त्वाच्या मापांचा क्षमता निर्देशांक (माप टॉलरन्समध्ये किती ऐसपैस बसतं) १.६७ पाहिजे असतो, तो सॅम्पल निवडून आणल्यामुळे कागदावर दिसतो आणि सलग ३०० पार्टच्या रनमध्ये कोसळतो. आणि कंट्रोल प्लॅनमध्ये ‘दर तासाला ५ पार्ट’ लिहिलेलं असतं, पण रात्रपाळीच्या रजिस्टरमध्ये सकाळी एकाच पेनने भरलेले आठ तास सापडतात. ऑडिटर ते रजिस्टर सर्वांत आधी उघडतो.

मॅग्नेटचं काय प्रकरण आहे? आमची लाइन त्यासाठी का थांबली?

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या मॅग्नेटवर निर्यात परवाना लावला. मोटर गरम झाल्यावरही चुंबकत्व टिकावं म्हणून निओडिमियम मॅग्नेटमध्ये डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. हे दोन्ही त्या सातांत आहेत. वरच्या उदाहरणातला ६,००० रुपयांचा माल दहा लाखांची गाडी थांबवतो तो असा. २६ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन मॅग्नेट देशात बनवण्यासाठी. पण खनिजापासून धातू, धातूपासून मिश्रधातू, मग सिंटरिंग ही साखळी उभी राहायला वर्षं लागतात. तोवर काही कंपन्या फेराइट मॅग्नेटच्या किंवा मॅग्नेटविरहित मोटरकडे वळत आहेत, आणि त्या मोटरचे शाफ्ट-हाउसिंग मापाला वेगळे असतात. तुमच्याकडचं ड्रॉइंग त्यामुळे बदलू शकतं. डायचे पैसे आगाऊ घ्या.

पेमेंट ९० दिवसांवर गेलंय. कायदा काही मदत करतो का?

करतो, पण उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) पुरवठ्याच्या आधीची हवी. एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे मशिनरी २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघु म्हणजे २५ आणि १०० कोटी. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२४ पासून आयकरातली अट जास्त बोचते: सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला मिळत नाही. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात थकलेलं पेमेंट अचानक येतं. मध्यम उद्योगाला आयकराची ही ढाल नाही.

उशिरा पेमेंटची तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते. करणाऱ्याचं पुढच्या वर्षीचं शेड्यूल कधी कधी बारीक होतं, हेही लक्षात घ्या. त्यापेक्षा ट्रेड्स हा बिलांचा ऑनलाइन मंच बरा: २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने बिल मान्य केलं की बँक तुम्हाला रक्कम देते, आणि नंतर कंपनीने पैसे बुडवले तरी बँक तुमच्यामागे येत नाही.

मोठे कारखाने चाकण सोडून बिडकीनला का जातात?

राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड-प्लस असे गट आहेत. पुण्यासारख्या पुढारलेल्या पट्ट्याला सवलत कमी, मागास तालुक्याला एसजीएसटीचा परतावा जास्त आणि जास्त वर्षं. शिवाय चाकणला सलग मोठी जमीन उरली नाही आणि तळेगाव चौकातली ट्रकची रांग कुठल्याच प्रस्तावात लिहिलेली नसते. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये ऑरिकसाठी (शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी) २०,००० कोटींचा करार केला. मागोमाग जायचं असेल तर एकच विचारा: तुमचा पार्ट जागा खाणारा आहे की छोटा? सीट, बंपर, टाकी कारखान्याशेजारीच लागतात. बोटभर शाफ्ट भोसरीतूनही ट्रकने जाईल.

कारखाना बंद झाला तर कामगाराच्या हाती काय?

तळेगाव डोळ्यांसमोर ठेवा. जनरल मोटर्सचा प्रकल्प २००८ चा, देशातली विक्री २०१७ मध्ये थांबली, उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत चीनच्या ग्रेट वॉलशी विक्रीचं ठरलं होतं, पण एप्रिल २०२० मध्ये शेजारी देशांतल्या गुंतवणुकीला केंद्राची परवानगी सक्तीची झाली, ती मिळेना आणि २०२२ मध्ये व्यवहार मोडला. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला, आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या निघू लागल्या. शेड तीच, गाव तेच, पण कामगार कोर्टात झगडत असतानाचा मधला काळ रिकामा गेला. एक वाहनधोरणाबाहेरची ओळ हे घडवू शकते.

कायद्याने: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत बंद करण्यासाठी सरकारची परवानगी ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला लागते, आधी मर्यादा १०० होती. अर्ज ९० दिवस आधी. भरपाई सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. ग्रॅच्युइटी वेगळी: शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, २६,००० पगार आणि दहा वर्षं असतील तर १,५०,०००. ठेकेदाराकडच्या कामगाराने नेमणूकपत्र, पगारपावत्या आणि पीएफचा यूएएन जपून ठेवावा. बंदच्या वेळी ठेकेदाराचं ऑफिस सर्वांत आधी कुलूपबंद होतं.

पेट्रोलच्या गाडीवर बंदी कधी?

भारतात अशी तारीख ठरलेली नाही. दबाव येतो तो सरासरी उत्सर्जनाच्या निकषातून: कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी २०२२-२३ पासून किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास हवी, आणि या हिशोबात एक इलेक्ट्रिक गाडी तीन गाड्यांइतकी मोजली जाते. म्हणून नफा कमी असला तरी कंपनी ती विकते. पुढचा टप्पा एप्रिल २०२७ पासूनचा, आणि त्यात हलक्या छोट्या गाड्यांना सूट द्यावी की नाही यावर कंपन्यांतच जुंपली. वजनाची एक नवी रेषा त्यातून येऊ शकते.

महाराष्ट्रात इलेक्ट्रिक कार घेतली तर आज नेमका काय फायदा?

राज्याचं धोरण एप्रिल २०२५ ते मार्च २०३० पर्यंतचं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर टोलमाफी, आणि जीएसटी ५ टक्के. टोल कापला गेला तर फास्टॅगची वाहन नोंद तपासा. गाडीचा प्रकार चुकीचा नोंदला असेल तर नाक्यावर भांडून उपयोग होत नाही, टॅग देणाऱ्या बँकेकडूनच ती नोंद बदलून घ्यावी लागते.